मदत हवी आहे : भावाला स्किझोफ्रेनिया आहे, म्हणून त्याचा घरावरचा हक्क जातो का?

शेवंती

नमस्कार. प्रश्न घरातला आहे, म्हणून तपशील मोजकेच देते.

आम्ही तीन भावंडं. मोठा दादा, मी आणि धाकटा भाऊ. धाकट्याला स्किझोफ्रेनिया आहे. औषधं नियमित चालू आहेत, आजार बराच आटोक्यात आहे. नोकरी जमत नाही, पण गोळ्या स्वतःच्या स्वतः घेतो, विजेचं बिल भरतो, बँकेत जाऊन पासबुक भरून आणतो. आई-बाबा दोघंही आता नाहीत. घर बाबांच्या नावावर, मृत्युपत्र नाही. धाकटा त्याच घरात राहतो.

दादाला घर विकायचं आहे आणि त्यासाठी धाकट्याकडून हक्कसोडपत्र हवं आहे. कागद समोर ठेवल्यावर धाकट्याने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि विचारलं, "घर विकल्यावर मी राहायचं कुठे, ते यात कुठे लिहिलंय?" सही केली नाही. तेव्हापासून दादा म्हणतो, "त्याला काय कळतंय? मनोरुग्णाचा हक्क कसला? ऐकलं नाही तर भरती करून टाकतो. नाहीतर कलेक्टर ऑफिसातून त्याचा कायदेशीर पालक होतो."

दादा वाईट नाही. आजाराच्या सुरुवातीच्या काळात रात्र रात्र त्यानेच जागून काढली, दवाखान्याचा खर्चही त्यानेच केला. पण धाकट्याला घराबाहेर काढलेलं मी बघू शकत नाही. दादा म्हणतो तसं खरंच करता येतं का? भावाला विचारलंही जाणार नाही का? जाणकारांनी कृपया सांगावं.

निशिगंध

ताई, आधी एक करा. कसल्याही कागदावर, कोऱ्या स्टँपपेपरवर तर मुळीच, त्याला सही करू देऊ नका आणि तुम्हीही करू नका. बाकी वकील मंडळी सांगतीलच.

तटस्थ

वकिली करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या दादांच्या बोलण्यात मोठी विसंगती आहे. भावाला काही कळत नसेल, तर त्याच्या सहीचं हक्कसोडपत्र कायद्याने टिकणारच नाही. आणि कळत असेल, तर नाही म्हणायचा त्याला पूर्ण अधिकार आहे. दोन्हीकडून दादांच्या हाती काही लागत नाही. हे त्यांना शांतपणे सांगा, कारण घर घेणाऱ्याचा वकीलही हाच प्रश्न काढेल.

आता हक्काचं. हिंदू उत्तराधिकार कायदा लागू असेल, तर तुम्हा तिघांचा हिस्सा सारखा. त्या कायद्याचं कलम २८ स्पष्ट आहे : आजार किंवा व्यंग आहे म्हणून कोणीही वारसा हक्काला अपात्र ठरत नाही. करार कायद्याचं कलम १२ सांगतं की एरवी मनाचा तोल ढळलेला माणूसही, भानावर असताना, करार करू शकतो. आणि मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ नुसार मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कोणाला विकल मनाचा म्हणता येत नाही. सक्षम न्यायालयाने तसं ठरवावं लागतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीने ते होत नाही, नातेवाइकांच्या म्हणण्याने तर नाहीच.

कलेक्टर ऑफिसच्या पालकत्वाबद्दल बराच गोंधळ असतो. ते पालकत्व देणारी समिती राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खालची आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. स्किझोफ्रेनिया त्यात येत नाही. मानसिक आरोग्याच्या १९८७ च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालय रुग्णाच्या मालमत्तेवर व्यवस्थापक नेमू शकत असे. २०१७ च्या नव्या कायद्यात ती तरतूद ठेवलेली नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये पालकत्व आहे, पण ते मर्यादित : ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. घर विकण्याचा परवाना म्हणून त्याच्याकडे बघू नये.

भरतीचं मात्र नीट समजून घ्या, इथेच तुम्हाला हालचाल करायची आहे. मनाविरुद्ध भरती मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८९ खाली होते. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. स्वतःला इजा, दुसऱ्यावर हिंसा, किंवा स्वतःची काळजी घेणं इतकं अशक्य की त्यातून स्वतःला अपाय होण्याचा धोका, असं काही दिसलं पाहिजे. सही न करणं यात बसत नाही. मुदत आधी ३० दिवसांची, आणि अशा भरतीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागितली तर मंडळाने ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

पण या भरतीचा अर्ज कोण करतो? रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या बाबतीत त्याच्या वतीने बोलणारी व्यक्ती. तो रुग्णाने नेमलेला नसेल, तर नातेवाइकाला ती जागा मिळू शकते, म्हणजे दादांनाही. म्हणून भावाची इच्छा असेल, तर त्याने तुम्हाला प्रतिनिधी नेमावं. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. एक प्रत त्याच्या डॉक्टरांकडे ठेवा.

त्याच कायद्याचं कलम १९ ही वाचा. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही. घरच्यांनी टाकून दिलं, तर कौटुंबिक घरात राहण्याचा हक्क बजावायला सरकारने मदत करायची आहे.

एक बाजू तुम्हालाही माहीत हवी. दादा वाटणीचा दावा लावू शकतात, तो त्यांचा हक्क आहे. पण तिथे भावाचा हिस्सा न्यायालयासमोर राहतो, गुपचूप जात नाही. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्री म्हणून तुम्हाला आणि दिव्यांग म्हणून भावाला मोफत वकील मिळू शकतो. हेल्पलाइन १५१००.

माजघर

आमच्याकडे नणंदेला हाच आजार आहे. कायद्याचं वर आलंच आहे. मी दादांबद्दल लिहिते. सांभाळणारा माणूस थकला की त्याला घर विकणं हीच सुटका वाटायला लागते. औषधांचा खर्च आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांची वाटणी आधी करून बघा. आमच्याकडे तेवढ्याने निम्मं भांडण मिटलं. मनावरचा ताण असह्य झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो, घरच्यांनाही.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला हे वाचून दाखवलं. प्रतिनिधी म्हणून माझं नाव त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंय. औषधांचा खर्च या महिन्यापासून मी उचलते असं दादाला कळवलं. तो हो-नाही काही बोलला नाही, पण कागदाचा विषयही काढला नाही.

आता भाऊ विचारतोय, त्याची उपचारांची फाइल त्याला मिळेल का? रुग्णालयात म्हणतात, दादांनाच देऊ.

तटस्थ

आपले वैद्यकीय कागद मिळणं हा त्याचा हक्क आहे, मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २५. वाचून त्याला गंभीर मानसिक त्रास होईल किंवा दुसऱ्याला इजा संभवते असं वाटलं, तर तेवढी माहिती डॉक्टर राखून ठेवू शकतात, आणि त्यावरही मंडळाकडे जाता येतं. शिवाय कलम २३ प्रमाणे माहिती गोपनीय असते, त्यामुळे "दादांनाच देऊ" हे उत्तर चालणार नाही. भावाच्या नावाने लेखी अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.