ज्वारीवरच्या ट्रायकोडर्मात काळी बुरशी

प्रश्न (यवतमाळ): लॅबमध्ये ज्वारीवर ट्रायकोडर्मा (पिकाचे रोग रोखणारी मित्रबुरशी) वाढवतो. मे महिन्यात दहापैकी तीन-चार पिशव्या काळ्या पडतात. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र) 15 पौंड दाब, 20 मिनिटं. काय चुकतंय?

उत्तर: भाऊ, 20 मिनिटं बाटलीतल्या माध्यमाला (बुरशी वाढवायच्या खाद्याला) पुरतात, दाण्याला नाही. अर्ध्या किलोच्या पिशवीला 121 अंशावर तासभर द्या. आधी वाफेनं आतली हवा पूर्ण काढा, नाहीतर काटा 15 दाखवतो अन् तापमान कमीच राहतं. बहुतेक ठिकाणी चूक इथंच होते.

उत्तर: ज्वारी रात्रभर भिजवून निथळा. मुठीत दाबल्यावर हात ओला झाला तर पाणी जास्त. आंबूस वास मात्र जिवाणूंचा, बुरशीचा नव्हे.

उत्तर: वाढीच्या खोलीत कूलर नको, ओल्या हवेसोबत काळ्या बुरशीचे बीजाणूही आत येतात. एसी लावून 25 ते 28 अंश ठेवा. काळी पिशवी आत उघडू नका. बंदच ऑटोक्लेव्ह करून फेका.