मदत हवी आहे: सगळीकडे एकच पासवर्ड, आता सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी, म्हापशाहून लिहितोय. काल रात्री पावणेदोनला ट्रेडिंग खात्याचे ओटीपी आले, लागोपाठ चार. मी झोपेत, मग मागवले कोणी? सकाळी 'हॅव आय बीन प्वोन्ड'वर (आपला ईमेल कुठल्या डेटा गळतीत सापडलाय का, ते सांगणारी साइट) ईमेल टाकून पाहिला, तर एका जुन्या शॉपिंग साइटच्या गळतीत सापडला. घोळ असा, की तिथला पासवर्ड (बायकोचं नाव आणि स्कूटरचा नंबर, हसू नका) ईमेल, नेटबँकिंग, डिमॅट सगळीकडे तोच.

पैसे अजून शाबूत आहेत. ईमेलचा तेवढा लगेच बदलला, कारण बाकी सगळ्यांची रीसेट लिंक तिथेच येते. १९३० वर (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) पैसे गेल्यावरच फोन करायचा, की आताही?

पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड साठवून ठेवणारं ॲप) कोणी वापरतं का? सगळ्या किल्ल्या एकाच कुलपात ठेवायला मन धजत नाही. आणि एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप (लॉगिनचा कोड फोनवरच तयार करणारं) लावलं नि चवथीच्या बाजारात मोबाइल हरवला, तर खात्यात परत शिरायचं कसं? बाबांची पेन्शनही माझ्याच फोनवरून बघतो, म्हणून जास्त धाकधूक. ते म्हणतात, "वहीत लिही आणि कपाटात ठेव." खरं सांगू, मला ते पटायला लागलंय.