हवामान बदलावरच्या पॅरिस करारावरची सही नेमकी कोणाला बांधते?

राज्यशास्त्राच्या_बाई
मी विदर्भात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. वर्गातली बरीच मुलं औष्णिक वीज केंद्राजवळच्या गावांतली आहेत. परवा एकीने विचारलं, "बाई, अमेरिकेचा एक अध्यक्ष करारातून बाहेर पडतो, दुसरा परत आत येतो, मग पहिला निवडून येऊन पुन्हा बाहेर. उद्या आपलं सरकार बदललं तर आपलंही असंच होईल का?" भारताने २ ऑक्टोबर २०१६ ला करार मंजूर केला एवढं मला माहीत आहे, पण तो संसदेत मताला टाकल्याचं काही आठवत नाही. जाणकारांनी समजावून सांगावं. "राजकारण असतं ते" एवढं सांगून मला तिची बोळवण करायची नाही.

पिट्सबर्गवासी
बाई, इकडची बाजू मी सांगतो. मूळ १९९७ मध्ये आहे. हवामानावरच्या आधीच्या करारासाठी क्योटोची परिषद डिसेंबरात होती, पण जुलैतच सिनेटने, म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाने, ९५ विरुद्ध ० असा ठराव करून ठेवला: विकसनशील देशांना मोकळं सोडणारा करार आम्हाला चालणार नाही. रोख चीन, भारत, ब्राझील यांच्यावर होता. इथे आंतरराष्ट्रीय तह पक्का व्हायला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात. क्लिंटन सरकारने क्योटोवर सही केली, पण तो सिनेटपुढे कधी नेलाच नाही.

मग २००९ ची कोपनहेगनची हवामान परिषद. शेवटच्या रात्री खोलीत कोण होतं बघा: चीनचे वेन जियाबाओ, आपले मनमोहन सिंग, ब्राझीलचे लुला, दक्षिण आफ्रिकेचे झुमा आणि ओबामा. युरोप बाहेर. जुने श्रीमंत देश लक्ष्य ठरवणार आणि बाकीचे ऐकणार, हे दिवस तिथेच संपले असं माझं मत आहे. पॅरिसमध्ये प्रत्येक देशाने आपलं लक्ष्य आपणच ठरवायचं आणि चुकलं तर दंड नाही, असं ठरलं. दिल्ली-बीजिंगला बाहेरून लादलेलं काही नको होतं आणि ओबामांना सिनेट टाळायची होती. दोघांचंही भागलं. पण जे एका सहीने आत आलं, ते दुसऱ्या सहीने बाहेर गेलं.

कायदा केला म्हणजे टिकतं असंही समजू नका. २०२२ चा स्वच्छ ऊर्जेच्या सवलतींचा कायदा सिनेटमध्ये ५१-५० ने झाला, उपाध्यक्षांच्या मतावर. २०२५ मध्ये त्यातल्या बऱ्याच सवलती कापणारा कायदाही ५१-५० नेच झाला.

हायकोर्टाच्या_आवारातून
मॅडम, तुम्हाला आठवत नाही कारण मतदान झालंच नाही. आपल्याकडे करार करणं आणि मान्य करणं हे केंद्रीय मंत्रिमंडळाचं काम, संसदेची संमती लागत नाही. त्यामुळे तुमच्या विद्यार्थिनीचं उत्तर "हो" असं आहे. पॅरिस कराराच्या कलम २८ प्रमाणे नोटीस द्यायची, वर्षभराने बाहेर.

पण मुलांना खरं शिकवण्यासारखं आहे ते संविधानाचं कलम २५३. करार अमलात आणायचा असेल तर संसद राज्यसूचीतल्या, म्हणजे एरवी राज्यांच्या हातातल्या, विषयावरही कायदा करू शकते. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा काढा आणि पहिला परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचून घ्या. भोपाळनंतर दीड वर्षात झालेला हा कायदा, पण त्यात आधार दिलाय जून १९७२ च्या पर्यावरणावरच्या स्टॉकहोम परिषदेचा. जमीन, पाणी राज्यांचं, वीज समवर्ती म्हणजे केंद्र-राज्य दोघांची, तरी केंद्राला एवढा अधिकार मिळाला तो त्या आधारावर. आणि त्या कायद्यात बहुतेक गोष्टी "केंद्र सरकार नियम करील" यावर सोडल्या आहेत. मला याची काळजी वाटते.

निवृत्त_बॉयलर_इंजिनिअर
वकीलसाहेबांची काळजी खरी आहे, मी ती नोकरीत पाहिली. डिसेंबर २०१५ मध्ये, पॅरिस करार ठरला त्याच महिन्यात, याच कायद्याखाली अधिसूचना निघाली: कोळशावरच्या केंद्रांनी दोन वर्षांत सल्फर डायऑक्साइड आटोक्यात आणायचा. त्यासाठी एफजीडी, म्हणजे धुरातला गंधक काढणारं संयंत्र, लागतं. धूर चिमणीत जाण्याआधी त्यावर चुनखडी कालवलेलं पाणी फवारतात, गंधक त्यात धरला जातो आणि खाली जिप्सम उरतं. जुनं तंत्र आहे, जगभर चालतं. मुदत २०१७ ची २०२२ झाली, मग आणखी पुढे, आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने बहुतेक केंद्रांना यातून सूटच दिली. आपल्या कोळशात गंधक कमी असतो हा सरकारचा मुद्दा खोटा नाही. पण दहा वर्षं ज्या नियमावर टेंडरं निघाली तो एका राजपत्राने गेला, संसदेत मतदान न होता. केंद्राच्या कुंपणालगत राहणाऱ्या माणसाला यात कुठेच विचारलं नाही. याचा मला अजून राग येतो.

राज्यशास्त्राच्या_बाई
साहेब, मग न्यायालयाचा काही उपयोग?

हायकोर्टाच्या_आवारातून
आहे, पण तिथेही पेच आहे. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये धरला. खटला होता माळढोकचा! राजस्थान-गुजरातमध्ये विजेच्या तारांवर आदळून पक्षी मरतात म्हणून २०२१ मध्ये न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं. केंद्र म्हणालं, पॅरिसचा शब्द पाळायला सौरऊर्जा हवी, एवढ्या तारा पुरणं शक्य नाही. न्यायालयाने आधीचा सरसकट आदेश मागे घेऊन समिती नेमली. म्हणजे ज्या करारावर संसदेत मत पडलं नाही, त्याचं वजन न्यायालयात पक्ष्याच्या विरुद्ध बाजूला पडलं. हा निकाल मुलांकडून वाचून घ्या आणि कोणाचं बरोबर यावर वर्गात वाद घालू द्या. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरही हाच पक्षी आहे, म्हणजे होता म्हणावं इतका कमी उरलाय.