ओबर्लिन कॉलेजात तीन आठवडे: काय बघावं, काय ऐकावं? (सल्ला हवाय)

मिरजकर_मावशी
नमस्कार मंडळी. लेक ओहायोमधल्या ओबर्लिन कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही दोघं २० एप्रिलच्या सुमारास तिच्याकडे जातोय, तीन आठवडे मुक्काम. ती दिवसभर वर्गात नाहीतर लायब्ररीत. तिकडे गाडी चालवायची आमची छाती नाही, त्यामुळे गावातच पायी फिरणार. गाव म्हणे आठेक हजार वस्तीचं. आमच्याकडे एवढी तर एकेका पेठेत माणसं असतात.

लेकीनं कॉलेजच्या कार्यक्रमांचं कॅलेंडर पाठवलं. उघडलं तर एकेका संध्याकाळी चार-चार कार्यक्रम! रिसायटल म्हणजे मैफल की परीक्षा? कॉन्व्होकेशन म्हणजे पदवीदान ना, मग ते वर्षभर कसं चालतं? तिकिटं आधी काढायची का? साडी चालते का?

ह्यांचा कान चांगला आहे (लहानपण मिरजेच्या सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी गेलंय), पण पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मला चित्रं बघायला आवडतात. आणि ह्यांचा ठरलेला प्रश्न: "एवढे पैसे भरून पोरगी आर्ट्सला?" त्याचंही कुणी परस्पर उत्तर दिलंत तर घरात शांतता नांदेल.

उंटावरचा_शहाणा
तीन आठवडे त्या खेड्यात?? नायगारा करा, शिकागो करा. कॉलेजात काय बघायचंय?

क्लीव्हलंडचा_काका
शहाणे, नायगारा कुठे पळून जात नाही.

मावशी, मी क्लीव्हलंडला असतो. ओबर्लिन आमच्यापासून पस्तीसेक मैल. गेली कित्येक वर्षं महिन्यातून एकदा तरी आम्ही तिथे गाणंबजावणं ऐकायला जातो, म्हणून अधिकारानं लिहितो.

कॉलेज १८३३ सालचं आणि त्याच्या पोटात संगीताचं वेगळं विद्यालय आहे, कॉन्झर्व्हेटरी, १८६५ पासूनचं. अमेरिकेत इतकं जुनं आणि मधे खंड न पडता चालू असलेलं दुसरं नाही. म्हणून एवढ्याशा गावात एवढे कार्यक्रम. स्टाइनवेचे पियानो दोनशेच्या वर आहेत तिथे! सरावाच्या खोल्याच दीडशेच्या घरात. त्या इमारतीच्या कडेनं संध्याकाळी नुसतं चालत जा, प्रत्येक खिडकीतून वेगळं काहीतरी ऐकू येतं, सगळं एकात एक मिसळलेलं. (इमारत यामासाकीची. न्यूयॉर्कचे ते पडलेले जुळे मनोरे ज्यानं बांधले, तोच.)

आता निवड कशी करायची. बाहेरून येणाऱ्या मोठ्या कलाकारांची मालिका असते, आर्टिस्ट रिसायटल सिरीज, १८७८ पासून चालू आहे. तिला तिकीट लागतं. त्यातलं एखादं जमलं तर जरूर ऐका, पण त्याच्या मागे लागू नका. मोठे कलाकार तुम्हाला पुण्या-मुंबईतही ऐकायला मिळतील. ओबर्लिनला ऐकायचं ते पोरांचं. एप्रिल-मे म्हणजे रिसायटलचा सुगीचा हंगाम. तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या बहुतेक वादकांना आपापला कार्यक्रम करायचा असतो. मैफल की परीक्षा विचारलंत, तर दोन्ही. तासाभराचा, फुकट, कुणीही आत जाऊन बसावं. समोर तीस-चाळीस माणसं: वर्गमित्र, शिक्षक, होस्टेलवरची खोलीमैत्रीण, इंडियानातून गाडी हाकत आलेले आजी-आजोबा. पोरगं येतं, वाकतं, हात पुसतं आणि सुरू. चार वर्षांची मेहनत त्या एका तासात असते हो. संपल्यावर बाहेर टेबलावर बिस्किटं आणि कापलेली कलिंगडं. अनोळखी असलात तरी खुशाल घ्या, कुणी विचारत नाही.

एक चूक करू नका, जी मी पहिल्यांदा केली. फिनी चॅपलमध्ये (१९०८ चं, बाराशे माणसं बसतात) चार वादकांच्या एका चौकडीचा कार्यक्रम होता. पहिला भाग संपला, मला वाटलं झालं. "वाहवा" म्हणत कडाडून टाळी दिली. अख्ख्या सभागृहात एकटा मी. पुढच्या बाकावरच्या आजीबाई वळून गोड हसल्या. एका रचनेचे तीन-चार भाग असतात, मधे वादक वाद्य खाली ठेवत नाही. त्यानं हात सैल सोडले की मगच टाळी. आणि उशीर झाला तर दाराशी थांबवतात, भाग संपल्यावर सोडतात. आपल्यासारखं वाकून सतरंजीवरनं पुढं सरकत जाणं नाही.

फिनीतच ऑर्गनचा एखादा कार्यक्रम असेल तर चुकवू नका. २००१ मध्ये बसवलेला, नळ्यांचा प्रचंड ऑर्गन आहे. खालचे स्वर लागले की बाकडं थरथरतं.

कॉन्व्होकेशन म्हणजे तिथे व्याख्यानमाला, पदवीदान नव्हे. मार्टिन लूथर किंग या कॉलेजात अनेकदा बोलून गेलेत, १९६५ चं पदवीदानाचं भाषणही त्यांचंच. पण सत्राच्या शेवटी मोठी व्याख्यानं कमी असतात. त्यापेक्षा लेकीच्या विभागातली दुपारची छोटी व्याख्यानं विचारा.

साडी बेलाशक. वर जाड कोट आणि पायात बूट. एप्रिलात सकाळी ऊन आणि संध्याकाळी भुरभुर बर्फ असंही होतं.

पाटीपेन्सिल
काकांना +१. मी ओबर्लिनचीच, चार वर्षं काढलीत.

काकू, आधी तुमच्या ह्यांचं समाधान. लिबरल आर्ट्स म्हणजे आपली आर्ट्स शाखा नव्हे. तिथे भौतिकशास्त्र, गणित, न्यूरोसायन्स सगळं त्यातच येतं. पहिल्या दिवशी शाखा निवडून त्या खुंट्याला बांधून घ्यायचं नाही, एवढाच फरक. माझ्या मजल्यावर एक मुलगा पाच वर्षांत दोन पदव्या करत होता, एक रसायनाची आणि एक बसूनची. (बसून म्हणजे वाद्य, बसून राहण्याची पदवी नव्हे.) शिवाय विद्यार्थीच विद्यार्थ्यांना शिकवतात असे वर्ग असतात, एक्सको म्हणतात, १९६८ पासून चालू आहेत. विणकामापासून कशाचेही, आणि त्याचे क्रेडिटही मिळतात.

आता चित्रं. ॲलन म्युझियम, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. एका दमात बघू नका. तीन आठवडे आहेत ना, रोज एक दालन करा. बाहेर हिरवळीवर शिल्पकार ओल्डनबर्गचा विजेचा अवाढव्य प्लग अर्धा जमिनीत रुतलेला दिसेल, १९७० चा. माझ्या बाबांनी त्याला पाहून "महावितरणचं काम दिसतंय" म्हटलं होतं.

पण खरी गंमत म्हणजे चित्रं भाड्यानं मिळतात. खरी. पिकासो, वॉरहोल, दाली, तुलूझ-लोत्रेक. कॉपी नाही, अस्सल. विद्यार्थ्यांना एका सत्रासाठी पाच डॉलरला, आणि आपल्या खोलीत टांगायची! एलन जॉन्सन नावाच्या प्राध्यापिकेनं १९४० च्या सुमारास सुरू केलं. चित्रासोबत राहिल्याशिवाय चित्र कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आदल्या रात्री मुलं म्युझियमच्या आवारात तंबू ठोकतात, पहाटे नंबर लागतात. मी एकदा बाराव्या नंबरवर होते. थंडीनं दात वाजत होते आणि शेजारचा मुलगा अंधारात युक्युलेले वाजवत होता. पिकासो अर्थात माझ्या आधीच गेला. हा प्रकार सत्राच्या सुरुवातीला होतो, त्यामुळे तुम्हाला रांग दिसणार नाही, पण एप्रिलात चित्रं खोल्यांमध्येच असतात. लेकीला विचारा, तिच्या मैत्रिणींपैकी कुणाकडे काय आहे.

या जॉन्सनबाईंचं घरही बघण्यासारखं आहे, फ्रँक लॉइड राइट या नामवंत वास्तुकारानं १९४० च्या दशकाअखेर आखलेलं. ते ठरावीक दिवशीच उघडतं, आधी चौकशी करून जा.

नाच आवडत असेल तर तेही बघा. कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन म्हणून जो प्रकार जगभर करतात (एकमेकांवर अंगाचा भार देत, सुचेल तसं नाचायचं), त्याची सुरुवात १९७२ च्या जानेवारीत इथल्याच व्यायामशाळेत स्टीव्ह पॅक्सटन या नर्तकानं केली. आणि कॅट इन द क्रीम या कॉफीहाउसची बिस्किटं माझ्या वतीनं खा.

दोन_वेण्या
पाटीपेन्सिल, त्या भाड्याच्या चित्रानं मला घाम फोडलाय!

तिथेच शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या खोलीत गेले तर पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग, खिडकीत अर्धवट खाल्लेली मॅगी, आणि त्याच्या बरोबर वर भिंतीवर शागाल या चित्रकाराचं चित्र. मला वाटलं कॅलेंडर. जवळ जाऊन बघते तर खाली पेन्सिलीनं सही. मी आधी मॅगी हलवली. मग खिडकी लावली. मग दिवसभर त्या भिंतीकडे पाठ करून कपडे घड्या केले, कारण समोर बघितलं की छातीत धडधडायचं. मुलगी म्हणे, "आई, ते बघायला आणलंय, राखायला नाही." शेवटच्या दिवशी बॅग भरून झाल्यावर पलंगावर बसून अर्धा तास नीट बघितलं. त्यातल्या गाढवाचा डोळा अजून आठवतो.

क्लीव्हलंडचा_काका
अवांतर: एखाद्या रविवारी मी तुम्हा दोघांना क्लीव्हलंडला घेऊन जाईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. इथलं म्युझियमही फुकट आहे आणि तिथे चोळकालीन नटराज आहे. त्यागराज उत्सव १९७८ पासून दरवर्षी ईस्टरच्या सुमारास होतो, तो बहुतेक तुम्ही येईपर्यंत आटोपलेला असेल.

मिरजकर_मावशी
सगळ्यांचे आभार. इथे येऊन नऊ दिवस झाले, म्हणून हालहवाल.

आत्तापर्यंत सात रिसायटल झाली. मी दोनदा डुलक्या काढल्या, खोटं कशाला बोलू. म्युझियम चार वेळा. प्लगसमोर ह्यांचा फोटो काढला.

काल जुन्या वाद्यांचा कार्यक्रम होता. व्हिओला दा गांबा म्हणून सारंगीच्या नात्यातलं पण पायांत धरायचं वाद्य. तो मुलगा आला, बसला आणि जुळवतच बसला. पाच मिनिटं झाली, सात झाली. माझी चुळबूळ सुरू. ह्यांनी माझा हात दाबला, "थांब, अजून लागलेला नाही." इथे आल्यापासून हे पहिल्यांदाच पुढे सरकून बसले होते. एक तार जरा चढली तशी मान नकारार्थी हलली, आणि मुलानंही तीच उतरवली.

संपल्यावर बिस्किटांकडे न जाता हे थेट त्याच्याकडे. मोडक्यातोडक्या इंग्रजीत पडदे दाखव म्हणाले. आतड्याच्या तातीचे, वाद्याच्या गळ्याला गुंडाळून गाठ मारलेले, सरकवता येणारे. आपल्या सतारीचेही बांधलेलेच असतात की, फक्त धातूचे. मग ह्यांनी फोनवर मिरजेच्या दुकानातला भोपळ्यांचा ढीग दाखवला आणि तो मुलगा जमिनीवरच बसला बघायला. लेक बाजूला दुभाषी. पाऊण तास! कलिंगड संपलं, दिवे घालवायला माणूस आला तेव्हा उठले.

उद्या त्याच्या सरावाच्या खोलीत बोलावलंय. काका, त्यामुळे या रविवारचं क्लीव्हलंड पुढच्या रविवारी चालेल का?