बी-४०३ चा गिझर आणि चौथ्या दिवसाची टाकी

बी-४०३ : नमस्कार मंडळी. आमच्या इलेक्ट्रिक गिझरची कॉइल परत गेली, दोन वर्षांत दुसऱ्यांदा. उघडला तर आत चुन्याचा नुसता थर, बोटानं खरवडला तरी निघेना. गड्ड्याच्या जत्रेला बहिणीकडची सहा माणसं येणार आहेत. प्लंबर म्हणतो गॅसचा सहा लिटरचा घ्या, बाथरूममध्ये उद्याच बसवून देतो. कुठला घ्यावा?

ए-३०२ : आमच्याकडं गॅसचाच आहे की ओ. एक नंबर. नळ सोडला की गरम पाणी, वाट बघायची भानगडच नाही.

बी-२०१ : सहा लिटर सहा माणसांना कसं पुरणार पण? 🤔

ए-१०४ (अण्णा) : ताई, त्यात टाकी नसते. सहा लिटर म्हणजे मिनिटाला सहा लिटर. नळ चालू असेपर्यंत पाणी तापत राहतं, आठवा माणूस आला तरी. अर्थात गॅस संपेपर्यंत.

बी-२०३ : मग लाईट बिलापेक्षा स्वस्त पडतो का?

ए-१०४ (अण्णा) : १५ लिटरची बादली २० अंशानं तापवायला साधारण ३०-३५ ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या टाकीत चारशेच्या आसपास बादल्या. तेवढ्याच पाण्याला विजेचा साधारण पाव ते अर्धा युनिट. सिलिंडरचा भाव आणि बिलावरचा दर ज्याचा त्यानं घालून बघा. पण साबण लावताना नळ चालू ठेवणारी पोरं घरात असतील तर हा हिशोब विसरा.

सी-१०२ : सोलर लावा म्हणून मी गेल्या सभेत सांगत होतो.

सेक्रेटरी : गच्चीचा विषय इथं नको. सभेत.

ए-२०२ : दादा, बाथरूममध्ये बसवू नका. हात जोडून सांगते. माझ्या भाचीचं लिहिते, घरातल्या पोरींना वाचायला द्या. डिसेंबरातली सकाळ, गार वारा येतो म्हणून खिडकी लावलेली, दाराला आतून कडी. डोक्यावरून अंघोळ होती, वीसेक मिनिटं झाली असतील. बादली कलंडल्याचा आवाज आला तेवढाच. हाक मारली, उत्तर नाही. भावजींनी कडी मोडली तर पोरगी भिंतीला टेकून बसलेली, नळ चालू, गिझर पेटलेलाच. उचलून गॅलरीत आणली. डॉक्टर म्हणाले थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. ज्यानं बसवला तो म्हणे, सगळ्यांचे असेच लावतो. एक्झॉस्ट फॅन होता बरं का. बटण कुणी दाबलंच नव्हतं.

बी-२०१ : बाप रे. गॅस लीक झाला होता का?

ए-१०४ (अण्णा) : लीक नाही. लीक झाला असता तर वास आला असता, त्यासाठीच गॅसमध्ये वास मिसळतात. बंद खोलीत बर्नर जळतो तेव्हा हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो, मग जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात ऑक्सिजनच्या जागी तो जाऊन बसतो आणि लवकर सुटत नाही. माणसाला आधी जरा डोकं जड वाटतं, वाटतं पित्त झालं. मग पाय उचलत नाहीत, कडीपर्यंत हात जात नाही.

ए-३०२ : आमच्यात २० मिनिटांनी आपोआप बंद व्हायची सोय आहे पण.

ए-१०४ (अण्णा) : मधे एकदा नळ बंद करून सोडला की ती २० मिनिटं पहिल्यापासून सुरू. तिच्या भरवशावर राहू नका. आणि तुमचा कुठं बसवलाय?

ए-३०२ : बाथरूममध्येच. खिडकीच्या वर.

ए-१०४ (अण्णा) : मग संध्याकाळी येतो बघायला. तोवर अंघोळीआधीच बादली भरून घ्या, दार उघडं ठेवून. अंघोळीला बसल्यावर तो पेटवायचाच नाही.

सेक्रेटरी : सगळ्यांनी नोंद घ्या. गॅस गिझर आणि सिलिंडर ड्राय बाल्कनीत, म्हणजे कपडे वाळत घालायच्या उघड्या गॅलरीत. बाथरूमला फक्त गरम पाण्याचा पाइप जाईल.

बी-४०३ : ड्राय बाल्कनीपासून आमचं बाथरूम बारा फूट आहे. पाणी गार होणार नाही का?

ए-१०४ (अण्णा) : सुरुवातीला पाइपातलं अर्धा लिटर गार येईल, एक तांब्या. ते बादलीत धरा. तुमचं खरं दुखणं वेगळं आहे मालक. तुम्ही वरच्या मजल्यावर. टाकी तुमच्या डोक्यावर जेमतेम आठ-दहा फूट, दाब तो काय असणार? या गिझरला पाण्याच्या जोरानंच आतला पडदा ढकलावा लागतो, तेव्हा कुठं गॅस सुटतो. जोर नसला की टकटक टकटक वाजत राहतं, पेटत नाही. माणसं ठिणगीचे सेल बदलत बसतात. आत्ता १५ लिटरची बादली लावा आणि घड्याळ बघा.

बी-४०३ : ४ मिनिटं ५० सेकंद.

ए-१०४ (अण्णा) : म्हणजे मिनिटाला तीन लिटर. काठावर. साधारण अडीच-तीनच्या खाली बरेच गिझर पेटतच नाहीत. दुकानात 'कमी दाबावर चालणारा' असं सांगूनच मागा, किती दाब लागतो ते डब्यावर वाचा, आयएसआय बघा. आणि धार बारीक असली की पाणी चटका देणारं येतं, तेवढ्याच जाळावर निम्मं पाणी ना. गॅसचं बटण कमीवर ठेवा, लहान मूल असेल तर आधी हात घालून बघा.

बी-२०३ : क्षारांचं काय? गॅसवाल्यात साचत नाहीत?

ए-१०४ (अण्णा) : साचतात की. त्यातली तांब्याची नळी तर बारीकच. बोअरचं पाणी टाकीत मिसळतंय तोवर सुटका नाही. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, आणि पाणी आत शिरतं तिथली जाळी महिन्याला काढून धुवा. शेगडीच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून देतो म्हणणाऱ्या प्लंबरला चहा पाजून परत पाठवा. वेगळा सिलिंडर, वेगळा रेग्युलेटर.

बी-२०१ : एप्रिलात तर टाकीचंच पाणी इतकं तापतं की गिझर कशाला 😂

सी-१०२ : म्हणूनच सोलर.

सेक्रेटरी : 🙏

बी-४०३ : ठरलं. ड्राय बाल्कनी. प्लंबरला सांगितलं तर तो रुसला, म्हणे पाइपाचे पैसे वाढतील. वाढू देत.

(रात्री २:४०)

बी-४०३ : पाणी सुटलं होतं, टाकी आत्ता भरली. परत बादली लावली. ३ मिनिटं ३५ सेकंद! अण्णा, चार लिटरच्या वर आलं. मग साधाच गिझर घेऊ का?

ए-१०४ (अण्णा) : झोपा आता. भरल्या टाकीचं माप धरू नका. आपल्याकडं पाणी येतं चार दिवसांनी, तुमचं सकाळचं माप चौथ्या दिवसाचं होतं. गिझर त्या दिवशी पेटला पाहिजे.