अधिष्ठानात ‘मी’ नाहीसा होतो तेव्हा

प्रश्न: विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात अधिष्ठानाला, म्हणजे न हलण्याचा निश्चय करून केलेल्या बैठकीला, तासभर बसलं की हातापायांच्या कडा पुसट होतात, कधी ‘मी’पणच जातं. असं का होतं? भीती वाटली तर काय करायचं?

प्रतिसाद १: हालचाल थांबली की स्नायू-सांध्यांकडून मेंदूला नवी खबर फारशी जात नाही. मांडीवर ठेवलेला तळवा कुठे संपतो आणि मांडी कुठे सुरू होते, हेच कळेनासं होतं. श्वास मात्र मुद्दाम जोरात घेऊ नका. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, ओठांना-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. त्याला ‘भंग’ (शरीराचा घट्टपणा विरघळल्यासारखा वाटण्याची विपश्यनेतली अवस्था) समजणं चूक.

प्रतिसाद २: घाबरायला झालं तर अधिष्ठान खुशाल मोडा. डोळे उघडा, पावलं जमिनीवर दाबा, तोंडावर गार पाणी मारा, थोडं चाला. सहायक आचार्यांना त्याच दिवशी सांगा.

प्रतिसाद ३: एरवी उठल्यावर थोड्या वेळात सगळं जागेवर येतं. तसं न होता जग काचेपलीकडचं वाटत राहिलं, झोप उडाली, आवाज ऐकू येऊ लागले, तर साधना थांबवून मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. आणि कृपा करून, चालू गोळ्या शिबिरासाठी परस्पर बंद करू नका. अर्जात आजार लपवू नका.