मदत हवी आहे: अमेरिकेत बी.ए.ची भाषेची अट. बारावीचं फ्रेंच पुढे न्यावं की स्पॅनिश नव्याने घ्यावं?

तुरट_आवळा

नमस्कार मंडळी. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात अर्थशास्त्रात बी.ए. करतेय, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर. पहिलं वर्ष संपत आलंय आणि फॉलचं (पुढच्या सेमिस्टरचं) रजिस्ट्रेशन दोन आठवड्यांवर आहे. पदवीसाठी लागणाऱ्या एकूण १२० क्रेडिटमधल्या (क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं एकक) या तीन अटींचं गणित जमत नाहीये:

१. एका परदेशी भाषेत चौथ्या सेमिस्टरची पातळी
२. ह्युमॅनिटीजचे ९ क्रेडिट
३. 'जागतिक संस्कृती' या शीर्षकाखाली धरला जाणारा एक कोर्स

शाळा इंग्रजी माध्यमाची, महाराष्ट्र बोर्ड. दहावीपर्यंत मराठी हा विषय होता, अकरावी-बारावीला मार्कांसाठी फ्रेंच. इथल्या रोमान्स (लॅटिनपासून आलेल्या) भाषा विभागात फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन आणि पोर्तुगीज आहे. प्रश्न असे:

- फ्रेंच १०१ पासून (अगदी पहिल्या कोर्सपासून) सुरू करून सहज ए मिळवावा का? की नोकरीच्या दृष्टीने स्पॅनिश?
- याच विभागात इंग्रजीतून शिकवलेले 'इटालियन सिनेमा', 'फ्रँकोफोन (फ्रेंच बोलणारी) आफ्रिका' असे कोर्स आहेत. ते भाषेच्या अटीत बसतात का?
- मराठी येते म्हणून भाषेची अट माफ होते का?

कोयनाकाठ

आधी पहिली अट नीट वाच. 'चौथ्या सेमिस्टरची पातळी' म्हणजे चार कोर्स किंवा १६ क्रेडिट नव्हेत. १०१-१०२-२०१-२०२ या साखळीतला शेवटचा कोर्स पास होणं, एवढंच. प्लेसमेंट टेस्टने (पातळी ठरवणाऱ्या परीक्षेने) थेट २०२ मध्ये बसवलं तर एका कोर्सात अट संपते. २०१ मिळालं तर दोन कोर्स. स्पॅनिश नव्याने घेतलंस तर चार सेमिस्टर आणि साधारण १६ क्रेडिट. अर्थशास्त्रात पुढे इकॉनोमेट्रिक्स वगैरे येणार, तिथे हे १६ क्रेडिट जड जातील.

१०१ चा विचार सोडून दे. शाळेत दोन वर्षं झालेली भाषा अगदी खालून घेतली तर बऱ्याच विद्यापीठांत त्या कोर्सचं क्रेडिटच मिळत नाही. तुझी बारावीची मार्कशीट ॲडमिशनच्या फाइलमध्ये आहे, ती विभागाला दिसते. आणि ए मिळाला तरी पुढे तीन कोर्स उरतातच.

उलट, वरच्या पातळीत बसलीस तर आणखी एक फायदा असू शकतो: रेट्रोॲक्टिव्ह क्रेडिट. म्हणजे २०१ किंवा २०२ चांगल्या ग्रेडने (बहुतेक ठिकाणी बी) पूर्ण केलं की खालच्या, न घेतलेल्या कोर्सचेही क्रेडिट देतात. सगळीकडे नसतं, आणि असलं तरी बहुधा अर्ज करावा लागतो. विभागाच्या ऑफिसात विचार.

आता संस्कृतीचे कोर्स. इंग्रजीतून शिकवलेला कोर्स भाषेच्या अटीत बसत नाही, त्याच्या कोडात 'फ्रेंच' किंवा 'इटालियन' असलं तरी. पण तोच कोर्स ह्युमॅनिटीजमध्ये बसतो, आणि नशीब असेल तर 'जागतिक संस्कृती'तही. उलट बाजूने, १०१ ते २०२ हे कोर्स भाषेचे असूनही बहुतेक ठिकाणी ह्युमॅनिटीजमध्ये धरत नाहीत. ३०० च्या पुढचे, फ्रेंचमधूनच शिकवलेले साहित्य-संस्कृतीचे कोर्स मात्र धरतात. कॅटलॉगमध्ये कोर्सच्या वर्णनाखाली तो कुठल्या अटीसाठी चालतो ते लिहिलेलं असतं, ती ओळ पाहा. नुसत्या शीर्षकावरून ठरवलं की घोळ होतो.

एक कोर्स दोन अटींसाठी चालू शकतो, पण क्रेडिट एकदाच मोजले जातात. 'फ्रँकोफोन आफ्रिका' २ आणि ३ दोन्हींत बसला तर दोन अटींवर खूण होईल, १२० मध्ये मात्र तीनच क्रेडिट वाढतील. डिग्री ऑडिटमध्ये (कुठल्या अटी पूर्ण झाल्या ते दाखवणाऱ्या विद्यापीठाच्या ऑनलाइन यादीत) 'व्हॉट-इफ' रिपोर्ट, म्हणजे एखादा कोर्स घेतला तर काय होईल याचा अंदाज, काढून बघ, तो कोर्स नेमका कुठे जातो ते तिथे दिसतं.

आणि यातलं काहीही पास-फेल वर घेऊ नकोस. भाषेच्या अटीला बहुतेक ठिकाणी लेटर ग्रेडच लागते, कुठे सी, कुठे सी मायनस.

नाचणी

मराठीबद्दल: काही विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांना भाषेची अट माफ होते, पण निकष बहुधा असा की माध्यमिक शिक्षण इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत झालेलं हवं. मराठी माध्यम असेल तर शाळेचं पत्र आणि मार्कशीट पुरते. तुझं इंग्रजी माध्यम, मराठी फक्त विषय, म्हणून आपोआप माफी मिळणं कठीण. परीक्षेची सोय आहे का ते विचार. मराठीसाठी विद्यापीठात परीक्षक नसला तर बाहेरच्या संस्थेकडून घेतात आणि फी आपणच भरायची.

माफी मिळाली तरी क्रेडिट मिळत नाहीत, हेही लक्षात घे. १२० ची बेरीज दुसऱ्या कोर्सांनी भरावी लागते.

रिमझिम_२२

वरच्यांनी व्हिसाची बाजू घेतली नाही. एफ-१ वर फॉल आणि स्प्रिंग या वर्षाच्या दोन मुख्य सेमिस्टरांत किमान १२ क्रेडिट लागतात. भाषेचा कोर्स ४-५ क्रेडिटचा असतो. १४ क्रेडिट घेऊन मध्येच फ्रेंच सोडलंस तर ९-१० वर येशील, आणि इंटरनॅशनल ऑफिसच्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं व्हिसा-स्टेटस सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची) आधी परवानगी नसेल तर स्टेटसच धोक्यात. त्यामुळे भाषेच्या सेमिस्टरला १६ च्या आसपास घे, म्हणजे वेळ पडली तर ४ क्रेडिटचा कोर्स सोडूनही १२ उरतात.

ऑनलाइन कोर्सचंही बंधन आहे. १२ च्या हिशोबात एका सेमिस्टरला एकच ऑनलाइन कोर्स धरतात, जास्तीत जास्त ३ क्रेडिटचा. उन्हाळ्याची सुट्टी असेल तर हे लागू नाही, म्हणून कम्युनिटी कॉलेजचं समर कोर्स चालतं. पण पैसे भरण्याआधी तो इथल्या २०१ च्या बरोबरीचा धरणार याची लेखी मंजुरी घे. तिथले क्रेडिट येतात, ग्रेड जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) बहुधा धरत नाहीत.

तुरट_आवळा

खूप धन्यवाद सगळ्यांना. मग फ्रेंचच. प्लेसमेंट टेस्ट ऑनलाइन आहे, घरून देता येते. काय उजळणी करू? आणि २०१ व २०२ च्या मध्ये अडकले तर?

कोयनाकाठ

बोर्डाच्या फ्रेंचमध्ये व्याकरण आणि भाषांतर बरं होतं, ऐकणं-बोलणं जवळजवळ नाही. टेस्टमध्ये नेमकं ऐकण्यात मार खाल्ला जातो. आठ-दहा दिवस रोज आरएफआय या फ्रेंच रेडिओचं 'जुर्नाल आं फ्रांसे फासिल' ऐक, दहा मिनिटांचं बातमीपत्र असतं आणि त्याचा लेखी मजकूरही मिळतो. आधी मजकुराशिवाय, मग मजकूर समोर ठेवून.

व्याकरणात पासे कोंपोझे आणि आंपार्फे यांतला फरक (कुठला भूतकाळ कधी), पासे कोंपोझेत एत्र् (être) घेणारी क्रियापदं, 'ल, ला, लुई, लर' ही सर्वनामं, 'इ' (y) आणि 'आं' (en), आणि सब्जोंक्तिफची (इच्छा, शंका दाखवणाऱ्या क्रियारूपाची) सुरुवात. २०१-२०२ ची सीमारेषा बहुधा 'इ'-'आं' आणि सब्जोंक्तिफ यांवरच ठरते.

ट्रान्सलेटर उघडून टेस्ट देऊ नकोस. पकडले जाण्याचा प्रश्न आहेच, शिवाय २०२ मध्ये पहिल्याच आठवड्यात फ्रेंचमध्ये बोलावं लागतं. मध्ये अडकलीस तर माझं मत २०१. चांगली ग्रेड मिळेल आणि ३०० च्या कोर्सांना पाया राहील. पहिल्या आठवड्यात वर्ग फारच सोपा वाटला तर विभागाला भेटून वर सरकता येतं. २०२ वरून खाली यायचं म्हटलं तर तोवर २०१ चे वर्ग भरलेले असतात.

उंबरठा

थोडा वेगळा मुद्दा. फ्रेंच येत असेल तर इटालियन वेगाने येतं, काही विभागांत दुसरी रोमान्स भाषा येणाऱ्यांसाठी दोन सेमिस्टर एकात बसवलेला इंटेन्सिव्ह कोर्सही असतो. पोर्तुगीजचा तसा कोर्स मात्र बहुधा स्पॅनिशवाल्यांसाठीच ठेवतात. तरी अट पूर्ण करायला या दोन्हींवर अवलंबून राहू नये. विद्यार्थी थोडे, म्हणून बहुधा १०१ आणि २०१ फक्त फॉलमध्ये, १०२ आणि २०२ फक्त स्प्रिंगमध्ये. एक कोर्स हुकला की वर्ष गेलं. फ्रेंचची अट आटोपल्यावर हौस म्हणून कर.

संस्कृतीच्या कोर्ससाठी लुसोफोन (पोर्तुगीज बोलणाऱ्या) जगावरचा काही असेल तर बघ. ब्राझील, मोझांबिक, अंगोलाबरोबर गोवाही त्यात येतो. १५१० ते १९६१ चा पोर्तुगीज राजवटीचा काळ आणि मराठी-कोंकणी साधनं वाचता येणं ही टर्म पेपरसाठी तुझ्याकडे आयती जमेची बाजू आहे, वर्गात इतर कोणाकडे नसणारी. प्राध्यापकाला मूळ भाषेतली साधनं चालतात का ते सुरुवातीलाच विचार.

तुरट_आवळा

गोव्याची कल्पना फारच आवडली! शेवटचं: २०२ फ्रान्समध्ये समरला करण्याचा प्रोग्रॅम आहे, सहा आठवड्यांचा. घ्यावा का?

रिमझिम_२२

भाषेसाठी उत्तम, कागदपत्रांसाठी डोकेदुखी. भारतीय पासपोर्टवर शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित) व्हिसा लागतो, ९० दिवसांच्या आतला शॉर्ट-स्टे पुरेल. अर्ज अमेरिकेतूनच करायचा. उन्हाळ्याआधी अपॉइंटमेंट लवकर भरतात, म्हणून प्रोग्रॅमचं पत्र हातात आलं की त्याच दिवशी तारीख शोध. परत येताना पासपोर्टवरचा एफ-१ स्टँप चालू हवा आणि आय-२० वर (विद्यापीठाने दिलेल्या एफ-१ च्या कागदावर) गेल्या वर्षभरातली ट्रॅव्हल सिग्नेचर, म्हणजे प्रवासासाठी डीएसओची सही, हवी. स्टँप त्याआधी संपत असेल तर समर प्रोग्रॅम विसर आणि २०२ स्प्रिंगमध्ये कॅम्पसवरच घे.

कोयनाकाठ

तसं असेल तर फॉलला २०१ आणि स्प्रिंगला २०२ अशी जोडी कर, मध्ये सेमिस्टर मोकळं सोडू नकोस. प्लेसमेंटचा निकाल आला की त्याच दिवशी ॲडव्हायजरला मेल टाक: तो निकाल, व्हॉट-इफ रिपोर्ट आणि संस्कृतीच्या कोर्सचा सिलॅबस जोड, आणि एवढंच विचार की हा कोर्स अट २ आणि ३ दोन्हींत धरणार का. उत्तर मेलवरच घे. ॲडव्हायजर बदलले तर तोंडी 'हो'चा उपयोग होत नाही.